वऱ्हाडी विद्यार्थी, त्याचे लेखन आणि त्याचा पहिला वाचक

१

अकोल्याच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर असलेले बार्शीटाकळी हे गाव वऱ्हाडच्या इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे, ते तेथील हेमाडपंती देवळामुळे व शके १०९८ (इ. स. ११७६-७७) च्या संस्कृत शिलालेखामुळे. या लेखातील हेमाद्रिदेव म्हणजे यादवांचा सुप्रसिद्ध मंत्री हेमाद्री नव्हे. तो त्या मंत्र्याच्या बराच आधीचा. लेख कोरविणाऱ्याने संस्कृत भाषा निवडली यात नवल नाही. प्रतिष्ठेचा मजकूर प्रतिष्ठेच्या भाषेत लिहावा हीच त्या काळची रीत होती. पुढे सुमारे शंभर वर्षांनी याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, आणि ते मराठीत केले.

हे दोन प्रसंग शेजारी ठेवले म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. शास्त्रे शिकलेल्या, पांडित्याच्या भाषेत वाढलेल्या मनुष्यास आपल्या बोलीत लिहावेसे का वाटले? हा प्रश्न तेराव्या शतकाबरोबर संपलेला नाही. आज जो विद्यार्थी बार्शीटाकळीसारख्या गावातून महाविद्यालयात येतो, त्याच्याही बाबतीत तो वेगळ्या रूपाने उपस्थित होतो. पुष्कळदा हा विद्यार्थी शाळेत असताना काही ना काही लिहीत असतो. निबंध, गाणी, गणेशोत्सवातील नाटुकली, वहीच्या मागील पानावरच्या कविता असे ते लेखन असते. महाविद्यालयात आल्यावर ते बहुधा थांबते. टिपणे, प्रश्नोत्तरे व गुण यांच्या रहाटगाडग्यात लेखणी फिरते खरी, पण ती दुसऱ्याचेच उतरवून घेत असते. यांपैकी काहींच्या बाबतीत काही काळाने ही आवड परत येते. ती कशी येते, कोणामुळे येते आणि तिच्या परत येण्यात विद्यासंस्थेचा वाटा किती, हे वऱ्हाडच्या वाङ्मयेतिहासातील काही उदाहरणांच्या आधारे तपासावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, लेखनाची हरवलेली आवड अभ्यासक्रमाने परत येत नाही आणि एकांतानेही फारशी येत नाही. ती परत येते एखादा खरा वाचक भेटल्याने. हा वाचक विद्यार्थ्याचे लिखाण तपासण्यासाठी वाचत नाही. त्यात काय म्हटले आहे हे जाणण्यासाठी वाचतो. विद्यासंस्थेचे महत्त्व या वाचकाची गाठ घालून देण्यात आहे. जेथे तिने हे काम केले तेथे ती सफल झाली. जेथे केले नाही तेथे विद्यार्थ्यांनी तो वाचक वर्गाबाहेर शोधला.

२

प्रथम रिद्धपूरचे उदाहरण पाहू. ‘लीळाचरित्रा’ची रचनापद्धती अभ्यासकांना ठाऊक आहे. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटाने त्यांचा सहवास लाभलेल्या शिष्यांच्या आठवणी मिळविल्या. ज्याने जी लीळा पाहिली त्याच्याकडून ती ऐकली. पाठभेद असतील तर तेही जतन केले. या सर्व उद्योगात त्याच्या पाठीशी नागदेवाचार्य होते. मिळालेली लीळा त्यांच्यासमोर ठेवावयाची व त्यांच्याकडून ती पारखून घ्यावयाची, असा क्रम होता. म्हणजे मराठीतील या आद्य गद्यग्रंथाचा लेखक एकट्याने लिहीत नव्हता. त्याचा पहिला वाचक त्याच्यासमोर बसलेला होता.

याच नागदेवाचार्यांविषयी ‘स्मृतिस्थळा’त जी हकीगत आहे ती येथे विशेष महत्त्वाची ठरते. केशिराजबास संस्कृतज्ञ असल्यामुळे त्यांचा ओढा संस्कृत रचनेकडे होता. नागदेवाचार्यांनी त्यास नापसंती दाखविली. संस्कृतामुळे पंथातील साध्यासुध्या स्त्रिया त्या ज्ञानास मुकतील असे त्यांचे म्हणणे होते. या हकीगतीचा अर्थ बहुधा भाषाभिमानाच्या अंगाने लावला जातो. आम्हांस तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. नागदेवाचार्य लेखकास भाषेचा आदेश देत नव्हते. तू कोणासाठी लिहीत आहेस हे त्याच्या ध्यानी आणून देत होते. वाचक डोळ्यांसमोर आला की भाषा आपोआप ठरते. पांडित्याचे ओझे बाजूस सारून मनातले बोलण्याची वाट पंडितास अशी सापडली.

३

आता एकदम एकोणिसाव्या शतकात यावे लागते, कारण महाविद्यालयीन विद्यार्थी ही संस्थाच त्या शतकातली आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, परंतु १८६० नंतरच्या दशकात तेथील उच्च परीक्षांतून देशी भाषांची उचलबांगडी झाली आणि त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषा आल्या. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठीच्या पुनःप्रवेशासाठी दीर्घकाळ खटपट केली, एम्. ए. च्या परीक्षेत मराठीस स्थान मिळाले ते १९०१ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी. तात्पर्य, जवळजवळ चाळीस वर्षे महाराष्ट्रातील विद्यार्थी पदवी घेत होता ती आपल्या भाषेत एक ओळही न लिहिता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४) आणि तिच्यामागून आलेले सुशिक्षितांचे मराठी लेखन हे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. महाविद्यालयाने जे हिरावून घेतले ते महाविद्यालयात शिकलेल्यांनीच मासिकांतून परत मिळविले. हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिति’ १८८५ पासून प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा ते विद्यार्थीच होते. त्यांस पदवी मिळाली नाही, वाचकवर्ग मात्र मिळाला. हेच आपटे १९१२ मध्ये अकोल्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष होते, ही गोष्ट वऱ्हाडच्या दृष्टीने नमूद करण्याजोगी आहे.

वऱ्हाडच्या विद्यार्थ्याची स्थिती याहूनही अवघड होती. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले व १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडले गेले. या संपूर्ण काळात तेथे एकही महाविद्यालय नव्हते. ज्यास मॅट्रिकच्या पुढे शिकावयाचे त्याने पुणे, मुंबई किंवा नागपूर गाठावे, हाच मार्ग होता. म्हणजे भाषा सुटे ती दोन प्रकारांनी. वर्गात मराठी नव्हती, आणि वर्गाबाहेर जी मराठी कानी पडे तीही घरची वऱ्हाडी नव्हती.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) हे याच वाटेने गेले. जन्म नागपूरचा, माध्यमिक शिक्षण अकोल्यास, आणि पुढे पुण्याचे डेक्कन कॉलेज. १८९१ मध्ये ते बी. ए. झाले व १८९७ मध्ये एल्‌एल्. बी. झाले. या दोन सनांमधील सहा वर्षे लक्षपूर्वक पाहिली पाहिजेत. कायद्याचा अभ्यास चालू असतानाच त्यांनी ‘विविधज्ञानविस्तारा’त नाट्यपरीक्षण लिहिले, आणि त्यांचे ‘वीरतनय’ नाटक किर्लोस्कर मंडळीने १८९६ मध्ये रंगभूमीवर आणले. वकिलीची सनद हाती पडण्यापूर्वीच नाटककार म्हणून ते लोकांसमोर आले होते. विद्यार्थिदशेत वाङ्मयाची आवड प्रकट होण्यास त्यांना दोन वाचक लाभले, एक मासिकाचा संपादक आणि दुसरी नाटकमंडळी. दोन्ही विद्यापीठाच्या आवाराबाहेरचे.

परंतु कोल्हटकरांच्या चरित्रातील अधिक मोलाचा भाग यानंतरचा आहे. ते पुण्यामुंबईस राहिले नाहीत. अकोला, खामगाव व जळगाव (जामोद) अशा वऱ्हाडातील गावी त्यांनी वकिली केली. १९०२ मध्ये ‘विविधज्ञानविस्तारा’त प्रसिद्ध झालेला ‘साक्षीदार’ हा त्यांचा पहिला विनोदी लेख. कोर्टकचेरीत रोज दिसणाऱ्या मंडळींतून मराठी विनोदाची एक संपूर्ण शाखा तेथे उगवली, आणि ‘सुदाम्याचे पोहे’ (१९१०) या पुस्तकाने ती स्थिर झाली. व्यवसायाने ज्या लेखणीस दावे व कैफियती लिहावयास लावल्या, त्याच लेखणीने त्या व्यवसायाकडे हसून पाहिले. लेखनाची वृत्ती परत येते तेव्हा ती जुन्याच रूपात येते असे नाही. मधल्या काळात ज्या कामाने ती दडपली गेली, त्या कामाचीच सामग्री घेऊन ती पुष्कळदा येते, हे या उदाहरणावरून दिसते.

आणि येथेच एक उलट प्रवाह सुरू झाला. ज्या वऱ्हाडातून विद्यार्थी वाचकाच्या शोधात पुण्यास जात, त्याच वऱ्हाडातील एका वकिलास पुण्याकडील तरुण आपला वाचक व गुरू मानू लागले. राम गणेश गडकरी फर्ग्युसन महाविद्यालयात पदवीपर्यंत पोहोचले नाहीत. किर्लोस्कर मंडळीत मुलांचे मास्तर म्हणून ते राहिले. त्यांनी गुरू मानले ते कोल्हटकरांना. ‘बाळकराम’ या नावाने गडकऱ्यांनी लिहिलेला विनोद कोल्हटकरांच्या विनोदाचे ऋण उघडपणे सांगतो. वि. स. खांडेकर हेही फर्ग्युसनमधील शिक्षण अपुरे टाकून गेलेले विद्यार्थी. त्यांचीही श्रद्धा कोल्हटकरांवर होती. दोघेही पदवीस मुकले, पण लेखनास मुकले नाहीत. वाचक मोठ्या शहरातच असतो हा समज जळगाव (जामोद) सारख्या तालुक्याच्या गावी बसून कोल्हटकरांनी खोटा ठरविला.

४

१९२३ हे वर्ष वऱ्हाड-नागपूरच्या वाङ्मयीन जीवनात संधिकालाचे मानावे लागेल. जानेवारीत अमरावती येथे विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली. जुलैत अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज सुरू झाले. हेच पुढे विदर्भ महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. ऑगस्टमध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. सभा, महाविद्यालय व विद्यापीठ असे तिन्ही आधार एका वर्षात उभे राहिले. पुण्यास रविकिरण मंडळ निघाले तेही याच वर्षी. रविवारी चहाच्या निमित्ताने एकत्र जमावे, आपल्या कविता एकमेकांस वाचून दाखवाव्या, हा त्या मंडळाचा परिपाठ होता. त्याच्या काव्याविषयी मतभेद असू शकतील. परंतु कवींनी एकमेकांचे नियमित वाचक होण्याची ही जाणीवपूर्वक केलेली योजना होती, हे विसरता येत नाही.

याच सुमारास अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे १९०१ मध्ये जन्मलेले आत्माराम रावजी देशपांडे आणि अमरावतीच्या जयवंत घराण्यातील १९०४ मध्ये जन्मलेल्या कुसुम हे दोघे विद्यार्थिदशेत होते. कुसुम यांचे माध्यमिक शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले, उच्च शिक्षण पुढे नागपूर व लंडन येथे झाले. आत्माराम पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. दोघांचा परिचय पुण्यातला. १९२९ मध्ये त्यांचा विवाह झाला. मराठी वाचक त्यांस कवी अनिल व कुसुमावती देशपांडे या नावांनी ओळखतो.

विवाहापूर्वी या दोघांत जी पत्रे झाली ती ‘कुसुमानिल’ या नावाने १९७२ मध्ये, कुसुमावतींच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, प्रसिद्ध झाली. या संग्रहाकडे प्रेमपत्रे म्हणून पाहिले जाते व ते योग्यच आहे. तथापि वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावे असे आम्हांस वाटते. हा दोन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या लेखनाभ्यासाचा पुरावा आहे. वर्गात इंग्रजी, परीक्षेत इंग्रजी, आणि पुढे एकास वकिली तर दुसऱ्यास इंग्रजीचे अध्यापन असा संसार ठरलेला असता, मराठी गद्य रोजच्या वापरात ठेवण्याचे काम या पत्रांनी केले. पत्राचा वाचक एकच असतो; पण तो निश्चित असतो आणि त्याचे उत्तर येते. या दोन गोष्टी लेखनाच्या वाढीस किती उपकारक असतात, हे पाठ्यपुस्तकातील निबंधाच्या शेजारी पत्र ठेवले म्हणजे कळते. निबंध कोणासाठी लिहिला जातो हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते. त्यामुळे त्यात सर्व काही असते, फक्त बोलणारा मनुष्य नसतो.

पुढील काळात या दोघांनी जे लिहिले त्याचा या पत्राभ्यासाशी संबंध जोडणे अनुमानाचा विषय आहे, पण ते अनुमान निराधार नाही. अनिलांचा ‘फुलवात’ हा संग्रह १९३२ चा. त्यानंतर ‘भग्नमूर्ती’ (१९४०), ‘निर्वासित चिनी मुलास’ (१९४३), ‘पेर्ते व्हा’ (१९४७) या क्रमाने त्यांची कविता मुक्तछंदाकडे वळली व त्यात स्थिरावली. मुक्तछंदाची लय ही बोलण्याची लय. समोर ऐकणारा आहे असे गृहीत धरून चालणारी. कुसुमावतींच्या ‘दीपकळी’ (१९३४), ‘दीपदान’ (१९४१), ‘मोळी’ या कथासंग्रहांतील निवेदनही असेच हळुवार आणि विश्वासाने सांगितल्यासारखे आहे. ‘पासंग’ (१९५४) मधील समीक्षा व ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा द्विखंड ग्रंथ वाचताना ध्यानात येते की, ही समीक्षक निर्णय देण्याआधी लेखकाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेते. चांगला वाचक लाभलेला मनुष्य पुढे स्वतः चांगला वाचक होतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

दोघांनीही साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले; अनिलांनी १९५८ मध्ये मालवण येथे, कुसुमावतींनी १९६१ मध्ये ग्वाल्हेर येथे. कुसुमावती या त्या पदावर आलेल्या पहिल्या स्त्री होत. मूर्तिजापूर व अमरावती येथून निघालेली ही वाट एवढी दूर गेली, तिचा आरंभ मात्र दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचे लिखाण मनापासून वाचण्यात आहे.

५

येथे एक आक्षेप संभवतो. वरील उदाहरणांत विद्यासंस्था जवळजवळ निरुपयोगी ठरते. मग १९२३ च्या घटनांना महत्त्व ते काय? याचे उत्तर पुढील दोन उदाहरणांत शोधता येईल.

पहिले उदाहरण विष्णु भिकाजी कोलते यांचे. बुलडाणा जिल्ह्यातील नरवेल या खेड्यात १९०८ मध्ये जन्मलेले कोलते नागपूरच्या नव्या विद्यापीठाच्या छायेत शिकले. तरुणपणी ते कविता लिहीत. ‘लव्हाळी’ हा त्यांचा काव्यसंग्रह. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात अध्यापन करीत असता ते महानुभाव वाङ्मयाकडे ओढले गेले आणि भास्करभट्ट बोरीकरापासून ‘लीळाचरित्रा’च्या संपादनापर्यंत त्यांनी आयुष्यभर त्याच क्षेत्रात काम केले. १९६६ ते १९७२ या काळात ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. कवी हरपला व संशोधक उरला, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या मराठी बोलीचा आद्य ग्रंथ सातशे वर्षांपूर्वी आपल्याच प्रदेशात लिहिला गेला, त्या बोलीचा शब्दन् शब्द ओळखून वाचणे हे कवीच्या कानाशिवाय होत नाही. लेखनाची आवड येथे वाचनाच्या रूपाने परतली. आणि हे घडू शकले ते हाकेच्या अंतरावर महाविद्यालय होते, त्यात मराठीस स्थान होते व त्या महाविद्यालयापासून रिद्धपूर लांब नव्हते म्हणून. संस्थेचे कार्य हे असे असते. ती प्रतिभा देत नाही, पण योग्य माणूस व योग्य विषय यांची गाठ पडेल अशी जागा देते.

दुसरे उदाहरण सुरेश भट यांचे. १९३२ मध्ये अमरावतीस त्यांचा जन्म झाला. बालपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांच्या पायास कायमचे अधूपण आले. विदर्भ महाविद्यालयात शिकत असताना शेवटच्या परीक्षेत ते दोनदा अनुत्तीर्ण झाले व १९५५ मध्ये बी. ए. झाले. ‘रूपगंधा’ हा पहिला संग्रह १९६१ चा; ‘रंग माझा वेगळा’ यावयास १९७४ उजाडले. मधली तेरा वर्षे ज्याने टिकून राहावयाचे त्यास परीक्षेतील गुणांपेक्षा निराळा आधार लागतो. भटांना तो मैफलींतून मिळाला. गझल ही मुळातच श्रोत्यासमोर सिद्ध होणारी रचना. शेराच्या दुसऱ्या ओळीस श्रोता दाद देतो तेव्हाच तो शेर पूर्ण होतो. मराठी गझलेस भटांनी जे नियमबद्ध रूप दिले त्यामागे श्रोत्याचे हे भान आहे. विशेष म्हणजे प्रसिद्धीस आल्यावर त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून होतकरू कवींना रचनेचे नियम समजावून दिले आणि नवख्यांच्या गझला वाचून त्यांना मार्गदर्शन केले. परीक्षेत दोनदा मागे पडलेला विद्यार्थी अनेक विद्यार्थ्यांचा पहिला वाचक झाला.

कोल्हटकर, अनिल–कुसुमावती, कोलते व भट यांच्या चरित्रांत बाह्यतः साम्य थोडे. एक वकील, एक कवी व एक समीक्षक असे जोडपे, एक संशोधक आणि एक गझलकार. परंतु एक सूत्र सर्वांत आहे. प्रत्येकाची लेखनवृत्ती शिक्षणाच्या काळात एखाद्या बिंदूवर अडली किंवा अडण्याच्या बेतास आली. प्रत्येकास एक वाचक वा श्रोता भेटला. आणि प्रत्येकजण पुढे दुसऱ्याचा वाचक झाला. यांतील तिसरी गोष्ट आम्ही सर्वांत महत्त्वाची समजतो, कारण परंपरा तिच्यामुळे निर्माण होते.

६

वऱ्हाडच्या संदर्भात आणखी एका मुद्द्याचा विचार केल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही. तो मुद्दा बोलीचा. कोल्हटकर, अनिल, कुसुमावती यांनी लिहिले ते प्रमाण मराठीत. त्या काळी दुसरा मार्गही नव्हता. परंतु खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली अडचण पुष्कळदा हीच असते की, ज्या शब्दांत तो घरी हसतो, रागावतो, गोष्ट सांगतो, ते शब्द उत्तरपत्रिकेत अशुद्ध ठरतात. अशा वेळी तो लिहिणे सोडत नाही. तो आपले लिहिणे सोडतो व दुसऱ्याचे लिहू लागतो.

या कोंडीस वाट दिली ती १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उद्धव शेळके यांच्या ‘धग’ या कादंबरीने. कौतिक या कष्टकरी स्त्रीचे आयुष्य त्यांनी वऱ्हाडी बोलीच्या आधारे उभे केले, आणि ही बोली केवळ हास्यनिर्मितीसाठी नसून दुःखाचा संपूर्ण भार पेलू शकते हे सिद्ध झाले. शेळके हे महाविद्यालयीन परंपरेतून आलेले लेखक नव्हेत. तरीही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर त्यांचे ऋण आहे. ‘धग’ पाठ्यपुस्तक म्हणून वाचणाऱ्या वऱ्हाडी विद्यार्थ्यास, बहुधा प्रथमच, आपल्या आजीची भाषा छापील पानावर भेटते. अकोला जिल्ह्यातीलच कवी विठ्ठल वाघ यांनी हीच बोली कवितेत आणली व अकोल्याच्या श्री शिवाजी महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. बोली आणि विद्यासंस्था यांतील जुने वैर येथे संपते असे म्हणावयास हरकत नाही.

नागदेवाचार्यांनी केशिराजांना जे सांगितले त्याचा हा आधुनिक प्रत्यय होय. तू कोणासाठी लिहीत आहेस, हे एकदा ठरले की बोलीची लाज वाटत नाही.

७

पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत वऱ्हाडातील विद्यार्थ्यास महाविद्यालयासाठी जिल्ह्याचे गाव गाठावे लागे. आता ती स्थिती राहिलेली नाही. पंजाबराव देशमुखांनी स्थापिलेल्या शिवाजी शिक्षण संस्थेने व तिच्या मागोमाग निघालेल्या संस्थांनी उच्च शिक्षण तालुक्यापर्यंत नेले. अमरावतीस १९८३ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. बार्शीटाकळीस स्वतःचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. कोल्हटकरांच्या पिढीस जे मिळाले नाही ते सर्व या पिढीच्या दारात आहे.

असे असता लेखनाची आवड महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर गळून पडत असेल, तर दोष साधनांच्या अभावाचा नाही. वाचकाचा अभाव हेच त्याचे कारण मानावे लागते. विभागात प्रश्नपत्रिका असतात, परीक्षक असतात, ग्रंथालय असते. परंतु विद्यार्थ्याने आपणहून लिहिलेली दोन पाने घेऊन कोणाकडे जावे, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. परीक्षक वाचतो तो चुका शोधण्यासाठी. वार्षिकांकाचा संपादक वाचतो तो जागा भरण्यासाठी. दोघांचेही काम आवश्यक आहे. पण या लेखात ज्या वाचकाविषयी लिहिले आहे तो त्या दोघांहून निराळा आहे.

मराठीच्या पदव्युत्तर विभागांनी या दृष्टीने फार मोठ्या योजना आखण्याची गरज नाही. वऱ्हाडच्या इतिहासात जे घडले आहे तेच पुन्हा घडू द्यावे, एवढे पुरे. आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांनी एकमेकांचे लिखाण वाचावे. रविकिरण मंडळाने याहून अधिक काही केले नव्हते. अध्यापकाने वर्षाकाठी निदान एका विद्यार्थ्याशी त्याच्या लेखनाविषयी पत्रव्यवहार ठेवावा. उत्तर आले की विद्यार्थी पुन्हा लिहितो. गावच्या म्हाताऱ्यांच्या आठवणी, देवळांच्या कथा, शेतीतील शब्द मिळवून ते सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवावे. म्हाइंभटाची पद्धती हीच होती, आणि तिच्यात विद्यार्थी एकाच वेळी संशोधकही होतो व लेखकही. जे वऱ्हाडीत सुचते ते प्रथम वऱ्हाडीत उतरवावे, प्रमाण भाषेचा विचार नंतर करता येतो. यांपैकी कशासही अनुदान लागत नाही. लागतो तो वेळ, आणि दुसऱ्याचे लिखाण शेवटपर्यंत वाचण्याचा संयम.

म्हणून, अमुक विभागातून किती लेखक निर्माण झाले अशी शिरगणती करण्यापेक्षा त्या विभागात किती वाचक तयार झाले, हे विचारणे अधिक योग्य होईल. कोणता विद्यार्थी पुढे अनिल होईल वा कुसुमावती होईल हे आधी सांगता येत नाही, आणि ते सांगणे हे विभागाचे कामही नाही. विद्यार्थी आपली वही पुढे करील त्या दिवशी ती घेणारा कोणीतरी असावा, एवढी व्यवस्था मात्र विभागाच्या हाती आहे.